डोंबिवली ते लॅमिंग्टन रोड, सीपीयूसह

बालदोस्तांनो, लोकलच्या लगेज डब्यातून तुम्ही कधी प्रवास केला आहे का? मी केला, २०२४ च्या मे महिन्यात, आणि तोही मांडीवर कॉम्प्युटर घेऊन! मांडीवर म्हणजे लॅपटॉप नव्हे बरं का. चांगला लोखंडी डब्याचा, जुन्या पद्धतीचा सीपीयू. चादरीत गुंडाळलेला, प्रवासी बॅगेत कोंबलेला आणि वरून सुतळीने आवळलेला. (खरं तर सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या आत बसवलेली काडेपेटीएवढी चीप. पण आपण सगळे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, आणि दुकानदारही तसंच म्हणतात, तेव्हा आपण कशाला भांडा?)

माझ्या शेजारी बसले होते आमचे भाचेराव. वय वर्षं तेरा, खिशात दिवाळीचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पाच हजार दोनशे रुपये. समोर भाजीच्या गोण्या, एका मावशींच्या माशांच्या रिकाम्या पाट्या आणि एक मोठा कढईवाला. मावशींनी बॅगेकडे पाहून विचारलं, "काय आहे रे आत? जपून धरलंयस म्हणून विचारते."

"कॉम्प्युटर आहे. आजारी आहे," भाचा म्हणाला.

"मग डागतराकडे चाललाय म्हणा!" मावशी हसल्या.

अगदी खरं होतं ते. मुंबईत कॉम्प्युटरच्या डॉक्टरांचा एक अख्खा रस्ता आहे. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण हे नाव सांगून पत्ता विचारलात तर निम्मे लोक डोकं खाजवतील. 'लॅमिंग्टन रोड' म्हणा, की लहान पोरही बोट दाखवेल. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब गेले, त्यांचं राज्य गेलं, पाटीवरचं नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी मात्र तेच नाव राहिलं आहे.

आता आजार काय होता ते सांगतो. कॉम्प्युटर २०१३ सालच्या दिवाळीत घेतलेला. त्या वेळी घरात केवढं कौतुक! आय-थ्री ३२२० जातीची चीप, चार जीबी मेमरी, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. ताईची शिकवणीची टिपणं, भाऊजींचे हिशेब, सगळं त्यावर छान चाले. भाचा त्यावर जुना 'क्रिकेट ०७' खेळत मोठा झाला. पण मग त्याने एका मित्राच्या घरी 'फोर्झा होरायझन ५' पाहिला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ, २०२१ सालचा. मेक्सिकोतले डोंगर, वाळवंट, धुळीचे लोट, चिखल, काचेवर ओघळणारा पाऊस! झालं, भाचेरावांची झोप उडाली.

प्रत्येक खेळासोबत एक यादी येते. हा खेळ चालवायला कमीत कमी काय हवं, आणि नीट चालवायला काय हवं, याची. फोर्झाच्या यादीत कमीत कमी म्हणून लिहिलं होतं: आठ जीबी मेमरी, आय-फाइव्ह ४४६० चीप, जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या तोडीचं दुसरं, आणि हार्ड डिस्कवर ११० जीबी मोकळी जागा. गंमत बघा, ही चीप आणि हे कार्ड दोन्ही २०१४ सालची. म्हणजे त्या खेळाला चालणारा सगळ्यात म्हातारा कॉम्प्युटरसुद्धा आमच्यापेक्षा एक वर्षाने तरुण होता! आणि ग्राफिक्स कार्ड नावाची वस्तू तर आमच्या डब्यात नव्हतीच. चित्रं काढायचं काम चीपच्याच एका कोपऱ्यात उरकलं जाई.

आता म्हणाल, चित्रं काढायला वेगळं कार्ड कशाला लागतं? गाडी कळव्यात थांबलेली असताना आम्ही एक हिशेब केला, तुम्हीही करा. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा. वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. खेळ गुळगुळीत दिसायला सेकंदाला साठ चित्रं लागतात. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे! मोटार वळली, सावली हलली, की पुन्हा सगळे नव्याने. ग्राफिक्स कार्डात हेच काम करणारे शेकडो छोटे छोटे मजूर एकाच वेळी राबत असतात. जीटीएक्स ९७० मध्ये असे १६६४ आहेत. आमच्या म्हाताऱ्या चीपच्या कोपऱ्यात होते अवघे सहा, भले त्यातला एकेक जरा दांडगा असेल.

"पण मामा, यादीत नसलं तरी कधीकधी चालतं," भाचा पुटपुटला. "मी करून पाहिलं."

"करून पाहिलंस? अरे, एकशेदहा जीबी जागा कुठून आणलीस तू?"

तो गप्प. मुलुंड गेलं, भांडुप गेलं. भाचा खिडकीबाहेर बघत होता.

दादरला उतरून आम्ही दोघांनी बॅगेचा एकेक बंद धरला आणि पूल चढलो. अर्ध्या पुलावर तो थांबला. मला वाटलं दमला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

झालं होतं असं. हार्ड डिस्कवर साठ जीबीच जागा शिल्लक होती. म्हणून त्याने 'जुने' नावाचं एक फोल्डर उडवलं. नव्वद जीबी! रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. मग चार रात्री खेळ उतरवत राहिला. पाचव्या दिवशी खेळ उघडला, तर पडदा काळा झाला, एक इंग्रजी सूचना आली आणि सगळं बंद. नंतर दोन दिवसांनी भाऊजी सहज म्हणाले, "आजोबांचे कोकणातले फोटो 'जुने'मध्ये ठेवलेत, ते एकदा काढून छापून आणू." भाच्याचे आजोबा २०१९ मध्ये गेले. त्या फोल्डरमध्ये त्यांच्याबरोबरच्या पाच-सहा वर्षांच्या सहली, सण, सगळं होतं.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना वाटतंय आपण मेमरी वाढवायला चाललोय."

मी काय बोलणार? पूल ओलांडला आणि पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडली. (तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा, ग्रँट रोडला जलद गाडी थांबत नाही. आणि रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.) प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, की आलंच ग्रँट रोड. पूर्वेला बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललात, की लॅमिंग्टन रोड.

पहिल्यांदा जाणारा माणूस इथे गांगरतो. दुकानं केवढी, तर आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी! पण प्रत्येकात छतापर्यंत खोकी. एका दुकानात नुसत्या वायरी, कापडासारख्या मीटरवर मोजून देतात. एकात नुसते स्पीकर. एकात चोरांवर नजर ठेवणारे कॅमेरे. एका काचेच्या कपाटात रंगीत पट्टे असलेले चिमुकले रेझिस्टर, शेकड्याच्या भावाने. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सुटे भाग शोधणारी पोरं तिथे हमखास दिसतात. फुटपाथवर रिमोटचे ढीग. हमाल डोक्यावर खोकी घेऊन "बाजू, बाजू" ओरडत पळतात. हा बाजार आधी रेडिओच्या सुट्या भागांचा होता. मग टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, आणि १९९०च्या दशकात कॉम्प्युटर आले. सुटे भाग घेऊन इथेच जोडून मिळणाऱ्या कॉम्प्युटरला 'असेंबल्ड' म्हणत. मुंबईतल्या कितीतरी घरांतला पहिला कॉम्प्युटर इथूनच टॅक्सीत बसून गेलेला आहे.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने बॅगेत डोकावूनही पाहिलं नाही. "ये तो डब्बा हो गया. नया बना लो. पैंतालीस हजार में मस्त मशीन दूँगा." आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

दुसऱ्या दुकानातले शेठ गोड बोलणारे होते. त्यांनी वापरलेलं जीटीएक्स ९७० काढून दाखवलं. साडेसहा हजार. दोन पंख्यांचं काळंभोर कार्ड पाहून भाचा सगळं विसरला! हातात घेऊन बघत राहिला. "छोटे शेठ, तुमच्यासाठी सहा," शेठ म्हणाले. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. आठशे रुपये कमी पडत होते, आणि ते मी देईन हे त्याला ठाऊक होतं. खरं सांगतो, क्षणभर माझाही हात खिशाकडे गेला होता. पण त्यानेच कार्ड काउंटरवर ठेवलं. "आधी फोटोंचं बघू, मामा."

फोटो परत मिळवणारे कारागीर कुठे, म्हणून विचारत विचारत आम्ही एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढलो. वरच्या खोलीत साठीचे एक गृहस्थ कपाळावर भिंग लावून बसले होते. टेबलावर उघडे बोर्ड, सोल्डरचा वास, कोपऱ्यात गणपती. मराठीच निघाले. त्यांनी डबा उघडला आणि दोघंही शरमलो. आत धुळीची अक्षरशः गोधडी! पंख्याच्या पात्यांत कापूस, आणि एका कोपऱ्यात पालीचं अंडं.

"साहेब, अकरा वर्षांत एकदा तरी उघडायचा होता," ते म्हणाले. "चीप गरम झाली की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. तुम्ही म्हणता म्हातारा झाला. अहो, अर्धा तर घामाघूम झालाय!"

मग भाच्याने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फाइली उडवल्यावर त्याच डिस्कवर काय उतरवलंस?"

"गेम."

"केवढा?"

"एकशेदहा जीबी."

त्यांनी 'च्च' केलं. भाच्याचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते इतकं छान होतं, की जसंच्या तसं सांगतो. "तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे ना? तिथे पुस्तक कुठल्या कपाटात आहे याची कार्डं असतात. आपण फाइल उडवतो तेव्हा कॉम्प्युटर फक्त कार्ड फाडतो. पुस्तक कपाटातच असतं. पण कार्ड नाही, म्हणून ती जागा रिकामी समजली जाते. नवीन पुस्तकं आली की ती तिथेच ठेवतात आणि जुनं रद्दीत जातं. तू एकशेदहा जीबीची नवीन पुस्तकं आणलीस, बाळा. तुझी मोकळी जागा दीडशे. म्हणजे चाळीसच्या आसपास जागेला हात लागलेला नाही. तिथे जे असेल ते तुझं." (मुलांनो, असं कधी झालं तर त्या डिस्कवर त्यानंतर काहीही उतरवू नका, आणि परत मिळालेल्या फाइलीही त्याच डिस्कवर ठेवू नका. आणि हे सगळं तबकड्या फिरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कचं सांगतोय. आताच्या एसएसडीत बहुधा फाडलेल्या कार्डाबरोबर पुस्तकही लवकरच साफ होतं.)

ग्राफिक्स कार्डाचंही त्यांना विचारलं. त्यांनी डब्यातली वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, काढून तळहातावर तोलली. "हिच्यावर ४५० वॉट लिहिलंय, पण हलकी किती आहे बघ! ते कार्ड एकटंच १४५ वॉट खातं, आणि त्याला विजेच्या दोन वेगळ्या वायरी लागतात. यात एकही नाही. म्हणजे कार्डाच्या जोडीला तीन हजारांची पेटी आली. मग मेमरी. एवढं करूनही चीप मागे पडणारच."

आणि तो काळा पडदा? तो नुसत्या हळू चालण्याचा दोष नव्हता. नवे खेळ चित्राचे हुकूम ज्या भाषेत देतात तिचं नाव डायरेक्टएक्स १२. आमच्या चीपला डायरेक्टएक्स ११ पर्यंतच येत होतं. मालक ज्या भाषेत बोलतोय ती नोकराला येतच नसेल, तर तो कितीही कष्टाळू असून काय उपयोग? दोष खेळाचा नव्हता आणि चीपचाही नव्हता. यादीत सगळं छापलेलं होतं.

डिस्क तपासायला चार तास लागणार होते. आम्ही भटकलो. शोले चित्रपट १९७५ मध्ये ज्या मिनर्व्हा थिएटरात लागला आणि पाच वर्षं चालला, ते याच रस्त्यावर होतं. आता ते नाही. मग रूळ ओलांडून पश्चिमेला नाना चौकातून ऑगस्ट क्रांती मैदानापर्यंत गेलो. १९४२ मध्ये 'भारत छोडो'ची हाक दिली गेली ते गवालिया टँक मैदान हेच. एरवी भाच्याने शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होता.

त्याला जरा हसवावं म्हणून मी माझ्या लहानपणीच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची गोष्ट सांगितली. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने तो खेळ १९८९ मध्ये ॲपल टू नावाच्या कॉम्प्युटरवर केला. तो कॉम्प्युटर तेव्हाच म्हातारा मानला जाई! राजपुत्राच्या धावण्याची-उड्यांची चित्रं त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून, त्याचं चित्रण करून, त्यावरून काढली. ती इतकी होती की मेमरी भरून गेली. शत्रूसाठी जागाच उरली नाही! मग त्याने राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून स्वतःवर असं चढवलं, की एक चमचमता सावलीमाणूस तयार झाला. जवळजवळ फुकटात मिळालेला हा शत्रू त्या खेळातला सगळ्यांत लक्षात राहणारा गडी ठरला.

"म्हणजे मेमरी जास्त असती तर तो आलाच नसता?" भाच्याने विचारलं. त्या दिवसातलं पहिलं हसू.

चार वाजता वर गेलो. दोन हजारांच्या वर फोटो परत आले होते. नव्वद जीबीतले पंचवीस. चित्रफिती मोठ्या असल्यामुळे एकही धड उघडेना. त्यातच आजोबांनी अंगणात बसून गावाच्या गोष्टी सांगितल्याची फीत होती. कारागिरांनी तीन तऱ्हांनी प्रयत्न केला. नाही म्हणजे नाहीच. काही फोटो तर अर्धेच होते: वर आंब्याचं झाड, आणि खाली आजोबा असायला हवेत तिथे करडा चौकोन.

फोटोंचे दीड हजार झाले. त्यांच्याच सल्ल्याने भाच्याने चारशेला वापरलेली चार जीबी मेमरी घेतली, म्हणजे एकूण आठ झाली. दीड हजाराची २४० जीबीची एसएसडी घेतली. साफसफाई आणि चीपवरचं नवं मलम त्यांनी फुकट केलं. (हे भाव २०२४ चे. या बाजारात भाव भाजीसारखे बदलतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरी फारच महागली. घरी विंडोज १० असेल तर हेही लक्षात घ्या, की १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा थांबली आहे.) उरले अठराशे रुपये. कार्डाच्या दुकानावरून परतताना भाच्याने तिकडे बघितलं, पण थांबला नाही.

रात्री घरी सीपीयू जोडला. पूर्वी सुरू व्हायला ताईचा चहा होऊन जाई, आता अर्ध्या मिनिटात तयार. भाऊजी खूश. "वा, मेमरीने काम केलं की!"

"बाबा," भाचा म्हणाला, "मला एक सांगायचंय."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आवाज चढला, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आत आलो तेव्हा भाऊजी पडद्यासमोर बसून होते. ती फीत गेली म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली होती. ते त्या रात्री जेवलेही थोडंसंच.

पण सुटलेल्या फाइलींची एक अडचण होती. फोटो आले, तरी त्यांची नावं गेली होती. सगळ्यांना नुसते लांबलचक आकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींनी स्वतःहून दुसरी खुर्ची ओढली. "बस. हे कोण, सांग बघू?" भाच्याला येईना. "ही माझी आत्या. आणि हे घर हरिहरेश्वरचं नाही, श्रीवर्धनचं." मग रोज वीस-पंचवीस फोटो, असा क्रम पडला. नाव द्यायचं, साल लिहायचं, आणि दर रविवारी पेनड्राइव्हवर एक प्रत. २०२४ ची दिवाळी आली तेव्हा कुठे ते काम संपलं. आजोबांच्या गोष्टींतल्या भाऊजींना आठवल्या तेवढ्या त्यांनी सांगितल्या, आणि भाच्याने त्या मोबाइलमध्ये घेतल्या.

आणि खेळ? फोटो झाले की अर्धा तास माइनक्राफ्ट. तो पूर्वीही होता, पण अडखळायचा. २०२१ च्या शेवटच्या नव्या आवृत्तीत त्याचं जग २५६ ठोकळ्यांवरून ३८४ ठोकळे उंच झालं, म्हणजे तोच खेळ जड झाला. पण त्यात लांबवर किती दिसावं हे आपल्याला ठरवता येतं. बारा ठेवलं तर भोवतीचे पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे ६२५ तुकडे सांभाळावे लागतात. भाच्याने सहा ठेवलं. तेरा गुणिले तेरा, १६९. शिवाय पडद्याचे ठिपके १२८० गुणिले ७२० केले. किती कमी झाले, ते तुम्हीच काढा. दूरचे डोंगर धुक्यात जातात खरे. पण त्याच्या जगात एक अंगण आहे, आंब्याचं झाड आहे आणि लाल विटांची विहीर आहे, आणि त्यांच्यासाठी सहा पुरतं.